फिक्स, फ्लोट आणि तीनशे किलोमीटरवरचं आभाळ

महाराष्ट्रात जमीन आधी साखळीने मोजली जायची. मग प्लेन टेबल आलं, मग ईटीएस मशीन, आणि आता रोव्हर. भूकरमापक बांधाच्या कोपऱ्यावर काठी उभी धरतो. काठीच्या डोक्यावर वाटोळा रिसीव्हर, हाताशी छोटा पडदा. पडद्यावर ‘फिक्स’ उमटलं की तो कोपरा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत पक्का. ‘फ्लोट’ दिसलं की थांबायचं. वर झाड नाही, विजेची तार नाही, मोबाइलला रेंज आहे, आकाशात उपग्रह हवे तेवढे आहेत, तरी फ्लोट. शेजारच्या गटाचा मालक तेवढ्यात ‘मशीनमध्येच घोळ आहे’ असं चारचौघांत बोलून घेतो आणि पुढच्या वादाची तयारी होते.

कधी कधी मशीनमध्ये घोळ असतोही. पण सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, दुपारी एक ते तीनच्या सुमाराला हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर कारण डोक्यावर शोधावं लागतं, तीनशे किलोमीटर उंच. तिथे आयनांबर आहे. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेच्या विरळ अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन उपटून काढतात, आणि साठ-सत्तर किलोमीटरपासून हजारेक किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात सुट्या इलेक्ट्रॉनांचा एक थर तयार होतो. दिवसा तो दाट असतो, रात्री विरळ. त्याची सर्वाधिक घनता अडीचशे ते चारशे किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते. मार्कोनीने १९०१ साली अटलांटिकपलीकडे बिनतारी संदेश पोचवला तो या थराच्या जोरावर. इंग्लंडच्या अॅपलटनने १९२४ मध्ये त्याचं अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केलं आणि पुढे त्याला नोबेल मिळालं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्रांनी याच थराच्या अभ्यासाची शाळा उभी केली. त्यांचा वरच्या वातावरणावरचा १९४७ सालचा ग्रंथ जगभर वापरला गेला.

रेडिओवाल्यांच्या दृष्टीने हा थर आरसा होता. उपग्रहवाल्यांच्या दृष्टीने तो अडथळा आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. रिसीव्हरला त्या वेळावरून अंतर काढायचं असतं आणि सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे तीस सेंटिमीटर. आयनांबरातून येताना संदेश रेंगाळतो. किती रेंगाळतो, ते वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले यावर ठरतं. संदेशाच्या वाटेभोवती एक चौरस मीटर तळाचा खांब कल्पावा आणि त्यातले सगळे इलेक्ट्रॉन मोजावेत. या संख्येला शास्त्रज्ञ टीईसी म्हणतात. तिचं एकक एकावर सोळा शून्यं इतक्या इलेक्ट्रॉनांचं, आणि अशा एका एककामागे जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, सोळा सेंटिमीटरची चूक होते. सूर्य तेजीत असताना भारतावर भर दुपारी ही संख्या शंभराच्या पुढे जाते. म्हणजे सोळा मीटर, आणि तेही उपग्रह थेट डोक्यावर असेल तर. क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा संदेश थरातून तिरपा येतो, त्याची चूक तिप्पट होऊ शकते.

या चुकीवर उपाय आहे आणि तो सुंदर आहे. रेंगाळणं वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. उपग्रहाने एकाच वेळी दोन वारंवारतांवर संदेश पाठवले, तर दोघांच्या येण्यात सूक्ष्म फरक पडतो. त्या फरकातून इलेक्ट्रॉनांची संख्या निघते, आणि संख्या निघाली की चूक वजा करता येते. हिशेब इथे संपायला हवा होता. पण कुणाच्या तरी लक्षात आलं की वजा करून टाकलेली ती संख्याच जपून ठेवली, तर प्रत्येक रिसीव्हर आयनांबर मोजणारं यंत्र होतो. त्याला वेगळा खर्च नाही, वेगळी दुर्बीण नाही. एका वेळी आठ-दहा उपग्रह दिसत असतील, तर आकाशातल्या आठ-दहा ठिकाणची इलेक्ट्रॉनांची मोजदाद दर सेकंदाला घरबसल्या मिळते. रॉकेट सोडून किंवा जमिनीवरून रेडिओचे ठोके वर पाठवून जे कळायचं ते एका जागेपुरतं आणि तेवढ्या क्षणापुरतं कळायचं. मोजणी, विमानं आणि जहाजं यांच्यासाठी बसवलेल्या यंत्रांतून हे आपोआप मिळू लागलं.

रोव्हर मात्र अजून एक युक्ती वापरतो. जीपीएसच्या मुख्य वारंवारतेच्या लाटेची लांबी १९ सेंटिमीटर. उपग्रह आणि काठी यांच्यात अशा नेमक्या किती पूर्ण लाटा मावतात तो आकडा सापडला की ‘फिक्स’, अपूर्णांकातच अडकला की ‘फ्लोट’. आकडा सापडावा म्हणून वीस-तीस किलोमीटरवरच्या कायमस्वरूपी केंद्राची मदत घेतात. दोघांच्या डोक्यावरचं आयनांबर सारखंच असेल, तर दोघांच्या चुका एकमेकींना खातात. सगळा डाव या ‘सारखंच असेल’वर आहे. अमेरिकेत किंवा युरोपात ते बहुतेक वेळा असतं. महाराष्ट्रावर ते नसतं, आणि याला भूगोल कारण आहे.

पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. विक्रम साराभाईंनी रॉकेट उडवायला थुंबा निवडलं ते त्यासाठी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं नाइके-अपाची रॉकेट उडालं ते या पट्ट्यातलं आभाळ तपासायला. या पट्ट्यात पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात आणि दिवसा पूर्वेकडे रोखलेलं विद्युतक्षेत्र तिथल्या इलेक्ट्रॉन-आयनांना वर उचलतं. वर गेलेला हा प्लाझ्मा चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतो आणि पंधरा-वीस अंशांवर साचतो. शास्त्रज्ञ याला कारंजं म्हणतात. अॅपलटनने १९४६ मध्ये ही विसंगती जगापुढे मांडली. परिणाम असा, की दुपारी केरळवर इलेक्ट्रॉन कमी आणि अहमदाबाद-भोपाळ-कोलकाता या पट्ट्यावर जास्त असतात. आपण मधल्या चढावर राहतो. सावंतवाडीच्या डोक्यावरचं आयनांबर आणि नंदुरबारच्या डोक्यावरचं आयनांबर एका तासाला, एका मिनिटाला वेगवेगळं असतं. अशा चढावर केंद्र आणि रोव्हर यांच्यातल्या चुका एकमेकींना पुरत्या खात नाहीत. काही तरी उरतंच.

दुपारचं हे दुखणं तरी शिस्तीचं आहे, चढ कुठे आणि केव्हा ते ठाऊक असतं. सूर्य मावळल्यावर शिस्तही जाते. अंधार पडू लागला की आयनांबराच्या खालच्या भागातले इलेक्ट्रॉन आयनांशी जुळून झपाट्याने संपतात, वरचा भाग मात्र दाट राहतो. त्यातच सूर्यास्ताच्या सुमाराला विद्युतक्षेत्र अचानक जोर धरतं आणि सगळा थर आणखी वर ढकलतं. खाली विरळ, वर दाट. तेलावर पाणी ओतलं तर जे होईल तेच तिथे होतं. खालचे विरळ कप्पे वरच्या दाट थरात घुसत वर चढतात. हे प्लाझ्मा बुडबुडे. रुंदीला दहा-वीस ते शंभरेक किलोमीटर, आणि चुंबकीय रेषांच्या दिशेने उत्तर-दक्षिण हजारो किलोमीटर पसरलेले. काही तर हजार किलोमीटरच्याही वर चढतात. रात्रभर ते सेकंदाला शंभर-दीडशे मीटरच्या वेगाने पूर्वेकडे सरकत राहतात. त्यांच्या काठांवर बारीक बारीक खळबळ असते आणि तिच्यातून येणारा उपग्रहाचा संदेश क्षणात तीव्र, क्षणात मंद होतो. रिसीव्हरचा धागा तुटतो, लाटांची मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते.

हे बुडबुडे महाराष्ट्रात पाहिले जातात, तेही कॅमेऱ्याने. अडीचशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू रात्री ६३० नॅनोमीटरचा मंद तांबडा उजेड सोडतात. डोळ्यांना तो दिसत नाही, पण संवेदनशील कॅमेऱ्याला दिसतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आणि पन्हाळ्यावर अशा कॅमेऱ्यांनी अख्खं आकाश टिपलं गेलं आहे. तांबूस आकाशात काळे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, ते बुडबुडे. शेजारच्या जीपीएस रिसीव्हरचा संदेश नेमका त्याच वेळी थरथरतो. पन्हाळगडाला पहारे नवे नाहीत, पण हा पहारा फारसा कुणाच्या ऐकिवात नाही. आपल्या रेखांशावर बुडबुड्यांचा हंगाम मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, दिवस-रात्र समान असण्याच्या आसपास. दिवाळी लवकर आली तर पणत्या लागतात तेव्हा तो अजून पुरता सरलेला नसतो. साडेसात-आठला सुरू होतं, मध्यरात्रीपर्यंत चालतं.

या थरथरीची किंमत माणसांनीही मोजली असावी. ४ मार्च २००२ च्या पहाटे अफगाणिस्तानात टाकुर घर नावाच्या डोंगरमाथ्यावर अमेरिकी सैनिक अडकले होते. त्यांच्या मदतीला निघालेल्या हेलिकॉप्टरला माथ्यावर उतरू नका असं कळवण्याचा प्रयत्न उपग्रह-रेडिओवरून झाला. संदेश पोचला नाही, हेलिकॉप्टर तिथेच उतरलं आणि त्यावर गोळीबार झाला. त्या लढाईत एकूण सात अमेरिकी सैनिक मारले गेले. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी एका उपग्रहाच्या जुन्या नोंदी काढून दाखवून दिलं की त्या वेळी त्या प्रदेशावर प्लाझ्मा बुडबुडा होता. डोंगराळ भागामुळे आधीच क्षीण झालेला संदेश त्याने पुरता बुडवला असण्याची शक्यता त्यांनी मांडली. शक्यता, एवढंच. त्यांनी त्याहून मोठा दावा केला नाही, आणि म्हणूनच तो पटतो.

विमानांच्या बाबतीत मात्र ‘शक्यता’ चालत नाही. प्रत्येक जीपीएस उपग्रह आयनांबरासाठी एक ढोबळ दुरुस्ती सोबत पाठवतो. अमेरिकेच्या जॉन क्लोबुकर यांनी ती बसवली. आठ गुणांक, रात्री ठरावीक चूक, दिवसा दुपारी दोनला माथा गाठणारी एक कमान. इतक्या थोडक्यात निम्मी चूक दुरुस्त होते, ही कमालच म्हणायची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संदेशात मुद्दाम घातलेली भेसळ बंद केली, त्यानंतर उरलेल्या चुकांत आयनांबर सगळ्यांत मोठं ठरलं. मग अमेरिकेने विमानांसाठी अचूक दुरुस्त्या उपग्रहावरून पाठवणारी स्वतंत्र यंत्रणा उभारली. २००३ च्या जुलैत ती सुरू झाली आणि त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्यावरून एकामागून एक वादळं आली. २९ ऑक्टोबरला पंधरा तास आणि ३० ला अकरा तास त्या यंत्रणेला उंचीबाबतची हमी देता आली नाही.

भारताने हीच कल्पना ‘गगन’ या नावाने घेतली. (सरकारी संक्षेपनाम इतकं नेटकं क्वचितच जमतं.) इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांचा हा प्रकल्प. अमेरिकी यंत्रणा असं धरून चालते की सगळे इलेक्ट्रॉन ३५० किलोमीटर उंचीवरच्या एका पातळ कवचात आहेत आणि ते कवच सपाटीने बदलतं. तिकडे हे गृहीतक चालून जातं. कारंज्याखालच्या देशात नाही चालत, इथे उंचीही बदलते आणि चढही तीव्र असतो. देशभर रिसीव्हर बसवून वर्षानुवर्षं नोंदी घेतल्यावर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी एकाऐवजी अनेक थरांचं प्रारूप बनवलं. ‘गगन’ला पहिलं प्रमाणपत्र ३० डिसेंबर २०१३ ला मिळालं. विमान उतरताना उंचीचं मार्गदर्शन करण्याचं प्रमाणपत्र मिळालं २१ एप्रिल २०१५ ला. विषुववृत्ताजवळच्या बेभरवशाच्या आभाळाखाली अशी यंत्रणा चालवून दाखवणारा भारत पहिलाच. पुढे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’च्या मार्गदर्शनावर उतरलं. या बातमीला वर्तमानपत्रांत जेवढी जागा मिळाली त्याच्या शतांश जागाही त्यामागच्या आयनांबराला मिळाली नाही. उद्घाटनाला फीत लागते आणि थराला फीत बांधता येत नाही.

इथवर सगळी खळबळ वरून, सूर्याकडून. माझ्या मते या विषयातला खरा चमत्कार खालून येणाऱ्या खळबळीत आहे.

जमीन किंवा समुद्राचा पृष्ठभाग अचानक वर-खाली झाला की तो वरच्या हवेला धक्का देतो. धक्का लाटेच्या रूपात वर निघतो. जसजसा वर जाईल तसतशी हवा विरळ, आणि तेवढीच ऊर्जा कमी हवेत वाटली जात असल्यामुळे हेलकावे मोठे होत जातात. आयनांबरापर्यंत पोचेतो ते दहा हजार पट आणि त्याहूनही अधिक वाढलेले असतात. ही हलणारी हवा इलेक्ट्रॉनांनाही हलवते आणि टीईसी डुलू लागते. कॅलिफोर्नियात १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला. एरिक काले आणि बर्नार्ड मिन्स्टर यांनी तिथल्या जीपीएस नोंदींतून ही डुलकी शोधली आणि १९९५ मध्ये छापली. हे यंत्र जमिनीची हालचाल मोजायला बसवलेलं, आणि त्यात आभाळाची हालचाल सापडली.

जपानकडे असे रिसीव्हर बाराशेहून अधिक आहेत. जिओनेट हे त्यांचं जाळं भूकवचाची हालचाल मोजण्यासाठी आहे. ११ मार्च २०११ रोजी तिथल्या घड्याळात २ वाजून ४६ मिनिटांनी तोहोकूचा महाभूकंप झाला. सुमारे सात मिनिटांनी वरच्या थरात पहिली खळबळ उमटली आणि मग एका केंद्राभोवती वर्तुळामागून वर्तुळं पसरत गेली. ते केंद्र भूकंपाच्या केंद्रावर नव्हतं, सुमारे १७० किलोमीटर आग्नेयेला होतं. समुद्राचा पृष्ठभाग जिथे सर्वाधिक उसळला, त्याच्या आसपास. त्सुनामीचं उगमस्थान आभाळात उमटलं होतं.

म्हणजे त्सुनामीचा इशारा आभाळातून मिळेल का? ही कल्पना पेल्टियर आणि हाइन्स यांनी १९७६ मध्येच मांडली होती. खोल समुद्रात त्सुनामीची लाट जेमतेम काही सेंटिमीटर ते अर्धा-एक मीटर उंच असते, पण शेकडो किलोमीटर रुंद. जहाजाला ती जाणवत नाही, वरच्या हवेला जाणवते. २००१ मध्ये पेरूच्या भूकंपातून निघालेली त्सुनामी पॅसिफिक ओलांडून जपानला पोचली, तेव्हा जिओनेटने तिची सावली आयनांबरात टिपली. आता नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ‘गार्डियन’ ही प्रणाली हेच काम जवळजवळ त्याच क्षणी करते. जुलै २०२५ च्या अखेरीस रशियाच्या कामचाट्का किनाऱ्याजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा ‘गार्डियन’ने साधारण वीस मिनिटांत खळबळीची खूण पकडली आणि हवाईला लाट पोचण्याच्या अर्धा तास आधी तिच्या येण्याची खात्री झाली होती. समुद्रतळावरचे दाबमापक या कामासाठी आहेतच, पण ते महाग आणि मोजके आहेत.

सगळ्यांत थक्क करणारी नोंद टोंगाची. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा पाण्याखालचा ज्वालामुखी फुटला. दाबाची लाट सेकंदाला तीनशेहून अधिक मीटर वेगाने पृथ्वीभोवती अनेकदा फिरली. जपानला ती पोचायच्या सुमारे तीन तास आधीच जपानवरचं आयनांबर डुलू लागलं. लाट आलेली नाही, आणि थर हलतोय. खुलासा असा, की लाट तोवर ऑस्ट्रेलियावर होती आणि तिथलं विस्कटलेलं विद्युतक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून क्षणार्धात उत्तर गोलार्धात, जपानवर पोचलं. दोन गोलार्ध एका चुंबकीय तारेने जोडलेले आहेत हे पुस्तकात होतं. त्या दिवशी ते हजारो रिसीव्हरवर एकदम दिसलं.

माणूसही खळबळ करतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तैवानचा फॉरमोसॅट-५ उपग्रह घेऊन फाल्कन ९ रॉकेट कॅलिफोर्नियातून उडालं. ओझं हलकं असल्याने ते नेहमीपेक्षा सरळ वर गेलं आणि त्याच्या धुरातल्या पाण्याच्या वाफेने इलेक्ट्रॉन गिळून आयनांबरात सुमारे ९०० किलोमीटर रुंद भोक पाडलं. ४ ऑगस्ट २०२० ला बैरुतच्या बंदरात अमोनियम नायट्रेटच्या साठ्याचा स्फोट झाला, त्याचा हादराही वर पोचला. राउरकेलाच्या एनआयटीतले भास्कर कुंडू, जपानचे कोसुके हेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायल-पॅलेस्टाइन भागातल्या रिसीव्हरच्या नोंदींतून ती लाट वेगळी काढली. तिचा जोर जपानी ज्वालामुखींच्या उद्रेकांशी तुलना करण्याजोगा निघाला. ओडिशातल्या टेबलावर बसून लेबनॉनच्या स्फोटाचं वजन करता येतं ते नोंदी खुल्या असल्यामुळे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता तो प्रश्न, जो दर भूकंपानंतर व्हॉट्सअॅपवर फिरतो. भूकंप आधी कळेल का? याच हेकींनी २०११ मध्ये लिहिलं की तोहोकूच्या सुमारे चाळीस मिनिटं आधी त्या भागावरची टीईसी वाढलेली दिसते. मोठा माणूस, साध्या नोंदी, आणि आशा लावणारा निष्कर्ष. टीकाकारांनी आक्षेप घेतला तो असा : भूकंपानंतर त्सुनामीमुळे टीईसी खाली बसते. आधीचा आणि नंतरचा भाग जोडणारी ‘सामान्य’ रेघ ओढली की रेघ खाली ओढली जाते आणि भूकंपाआधीचा साधा भाग फुगलेला दिसू लागतो. फुगवटा आभाळात आहे की रेघेत? वाद वर्षानुवर्षं चालला. मला टीकाकारांची बाजू जड वाटते. आयनांबर रोज, दर तासाला, शंभर कारणांनी हलतं. भूकंप झाल्यावर मागे वळून पाहिलं की काही ना काही सापडतंच. भूकंपानंतरची खळबळ मोजणं ही एक गोष्ट, भूकंपाआधीची भविष्यं सांगणं ही दुसरी. पहिलीचं श्रेय दुसरीच्या खात्यावर जमा करणाऱ्यांपासून सावध राहावं, त्यांच्या नावापुढे कितीही पदव्या असोत.

वादळांकडे पुन्हा यायला हवं, कारण त्यात मुंबईचा हात आहे. मे २०२४ च्या १०-११ तारखेला वीस वर्षांतलं सर्वांत जोरदार भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमधल्या हानले इथे आकाशात तांबडा पट्टा टिपला गेला. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले, कारण सरी वाकड्या जायला लागल्या. याहून मोठं वादळ केवढं असू शकतं? या प्रश्नाला जगाकडे जो आकडेबद्ध पुरावा आहे, तो कुलाब्याचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली, १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी तिथल्या माणसांनी सुई पाहून लिहिलेल्या नोंदींत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तब्बल १,६०० नॅनोटेस्लाने कोसळलेला आहे. युरोपातल्या कित्येक यंत्रांच्या सुया त्या दिवशी मापाबाहेर गेल्या होत्या. कुलाब्याची नोंद १४४ वर्षं दप्तरात राहिली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखीना आणि शोभना अॅलेक्स यांनी ती काढून त्या महावादळाचं मोजमाप मांडलं. आज उपग्रहांचे आणि विजेच्या जाळ्यांचे विमे उतरवणारेसुद्धा या वादळाचा दाखला देतात.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, ती १९०४ मध्ये. एन. ए. एफ. मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या आणि मगच कुलाब्याच्या बंद केल्या, म्हणजे साखळी तुटू नये. ही काटेकोर वृत्ती आज कुणी दाखवत असेल तर मला तिचा हेवा वाटेल.

आपल्या राज्यात मोजणीसाठी उभारलेली कायमस्वरूपी केंद्रं दिवसरात्र उपग्रहांचे संदेश घेत असतात. त्यांचं काम बांधाचा कोपरा ठरवणं हे आहे आणि ते तसंच असावं. पण त्यांच्या कच्च्या नोंदी दीर्घकाळ जपून ठेवाव्यात आणि अभ्यासकांना विनासायास द्याव्यात, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. सावंतवाडी ते नंदुरबार हा कारंज्याचा चढ इतक्या दाट जाळ्यातून मोजण्याची संधी सहसा मिळत नाही. ती भूमापनाच्या निमित्ताने चालून आली आहे. कच्च्या नोंदी साठवायला जागा लागते, जागेला पैसे लागतात, आणि ‘याचा उपयोग काय’ या शेऱ्याला उत्तर लागतं. कुलाब्याच्या दप्तरालाही १८६० मध्ये ते देता आलं नसतं.

आपण हे केलं नाही तर दुसरे करतील, किंबहुना करत आहेतच. गूगलच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की सुमारे चार कोटी अँड्रॉइड फोनांच्या उपग्रहनोंदी एकत्र केल्या तर आयनांबराचा नकाशा काढता येतो. एकेका फोनचं मोजमाप अगदी गचाळ. पण संख्या एवढी, की गचाळपणा पुसला जातो आणि शास्त्रीय केंद्रांच्या दुप्पट प्रदेशाची माहिती मिळते. त्या नकाशांत ठळकपणे उमटलेल्या गोष्टींत भारतावरचे प्लाझ्मा बुडबुडे आहेत. खिशातला फोन बांधावरच्या रोव्हरपेक्षा शेकडो पट कच्चा, आणि तरी बुडबुडे त्यालाच आधी दिसले असं होऊ नये.

प्रयोगासाठी एक तारीख आधीच ठरलेली आहे. २ ऑगस्ट २०२७ ला स्पेन, इजिप्त आणि अरबस्तानावरून खग्रास सूर्यग्रहण जाईल. पश्चिम भारतात दुपार कलल्यावर ते खंडग्रास दिसेल, म्हणजे दिसायला हवं. ऑगस्टचा पहिला आठवडा, ऐन श्रावणाच्या तोंडावर. कोकणात तर सूर्य असल्याचीही खात्री देता येत नाही. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाला बिहारमधल्या तारेगनात हजारो लोक जमले होते आणि ढगांनी सगळं झाकलं. पण दीड हजार मेगाहर्ट्झच्या लाटांना पावसाळी ढग अडवत नाहीत. सूर्याचा तुकडा झाकला गेला की वरचे इलेक्ट्रॉन कमी होऊ लागतील, त्यांच्या मागोमाग लाटा उठतील, आणि तासा-दोन तासांत सूर्यास्ताची नेहमीची उलथापालथ त्यावर येऊन आदळेल. भर दिवसाच्या ग्रहणाचे अभ्यास पुष्कळ आहेत, सांजेला टेकलेल्या ग्रहणाचे तुलनेने थोडे. कारंज्याच्या चढावर, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, केंद्रं त्या दिवशी चालूच असतील. नोंद दर तीस सेकंदांची न ठेवता दर सेकंदाची ठेवा, एवढा एक आदेश त्या आठवड्यापुरता काढावा लागेल.